खासबागेतून काय काय दिसते

गेल्या ऑक्टोबरात पुतण्याच्या शालेय कुस्तीस्पर्धेला मी त्याच्याबरोबर गेले होते. वहिनीला रजा मिळाली नव्हती, दादा रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. तेव्हा डबा, टॉवेल, आधारकार्डाची झेरॉक्स आणि शाळेचा शिक्का मारलेला फॉर्म सांभाळण्याचे काम आत्याकडे आले. वजने नऊला सुरू व्हायची होती. हॉलच्या मागे, जिथे एरवी मोटारसायकली लावतात त्या मोकळ्या जागेत, एक मुलगा गोल गोल धावत होता. अंगात स्वेटर, स्वेटरवर रेनकोट, रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली आणि डोक्याला माकडटोपी. ऑक्टोबरचे ऊन एव्हाना चटके देऊ लागले होते. दर दोन फेऱ्यांनी तो गटाराशी थांबत होता आणि थुंकत होता. थुंकीसुद्धा काट्यावर भरते, असे त्याला कुणीतरी सांगितले असावे. त्याच्या ओठांच्या कडांना पांढरी साय धरली होती आणि रेनकोटच्या बाहीतून घाम ठिबकून मनगटापाशी धूळ भिजली होती. तो माझ्यासमोर येऊन थांबला तेव्हा मी हातातली पाण्याची बाटली पुढे केली. त्याने बाटलीकडे पाहिले, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. मागे गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मान अगदी किंचित हलवली. मुलगा म्हणाला, "नको काकू, तहान न्हाई लागली." बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज आला.

तो 41 किलोच्या गटात बसला. दुपारी पहिल्याच कुस्तीत मिनिटभरात चितपटही झाला.

त्या गृहस्थांना मी दुष्ट ठरवले असते तर हा विषय तिथेच संपला असता. पण वजन झाल्यावर त्याच माणसाने पिशवीतून साखर-मिठाचे पाणी, दोन केळी आणि राजगिऱ्याचे लाडू काढले, मुलाचे डोके स्वतःच्या टॉवेलने पुसले आणि "हळू पी, ठसका लागंल" म्हणत त्याच्या पाठीवर हात फिरवत बसला. त्या हातात माया होती, यात मला शंका नाही. म्हणूनच ते दृश्य डोक्यातून जाईना. तहान लागली आहे की नाही, हे त्या पोराने दुसऱ्याला विचारले होते, आणि तेही न बोलता, नजरेने, इतक्या सवयीने की त्याला स्वतःला ते कळलेही नसेल. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाने आपल्या घशाचा कारभार दुसऱ्याच्या हाती दिला होता. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्यात वावगे वाटत नव्हते आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या आम्हा दहा-बारा मोठ्या माणसांपैकीही कुणाला फारसे वाटत नव्हते.

आमच्या मातीतल्या कुस्तीत जोड लागते ती वस्तादांच्या नजरेने. दोन पोरे समोरासमोर उभी करायची, खांदे आणि मांड्या बघायच्या आणि "लावा हात" म्हणायचे. काट्याचा धाक आला तो वजनगटांबरोबर. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते 57 किलोच्या गटात. तेव्हापासूनचा विचार केला तरी वजनगटांची भाषा आपल्याला नवी नाही. गट असण्यात गैर तर काहीच नाही. समोरचा आपल्या मापाचा असावा, कुणाची मान मोडू नये, यासाठीच ते आहेत. पण पोरांच्या रक्षणासाठी केलेली ही सोय पोरांनाच कशी जाचू शकते, हे अमेरिकेत 1997 साली दिसले. त्या वर्षी 7 नोव्हेंबर ते 9 डिसेंबर या 33 दिवसांत तिथले तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. तिघांनीही घाम बाहेर पडू न देणारे कपडे घालून गरम जागेत व्यायाम केला होता. अशा कपड्यात घाम येतो, पण तो वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. पाणी गेल्याने रक्त दाटते, क्षारांचा तोल जातो, मूत्रपिंडे थकतात, हृदयाची लय चुकते आणि आतली उष्णता चढतच राहते. त्या मृत्यूंनंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे कपडे आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली, वजने कुस्तीच्या अगदी आधी घेऊ लागले आणि हंगामाच्या सुरुवातीलाच शरीरातली चरबी मोजून प्रत्येकाचे किमान वजन ठरवू लागले. ती मुले वयाने मोठी होती, विद्यापीठात शिकत होती. आमच्याकडे रेनकोट घालून धावणारा सातवी-आठवीत असतो.

विनेश फोगाट 7 ऑगस्ट 2024 ला 100 ग्रॅम जादा वजनामुळे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीआधीच बाद झाली, त्या दिवशी कोल्हापुरात चहाच्या गाड्यांवर दुसरा विषय नव्हता. तिने रात्रभर काय काय केले, केस कसे कापले, हे लोक डोळ्यांत पाणी आणून सांगत होते, आणि त्या हळहळीत एक विलक्षण आदर होता. तो तिला मिळायलाच हवा. ती जाणती, अनुभवी खेळाडू होती, आपण काय पणाला लावतो आहोत हे तिला ठाऊक होते. पण त्या आठवड्यात किती घरांत, किती तालमींत एखाद्या पोराला "बघ, ह्याला म्हणत्यात जिद्द" असे सांगितले गेले असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. मुलांना उदाहरण देताना आपण वय गाळून टाकतो.

आमच्या बोळाच्या तोंडाशीच तालीम होती. माझे सगळे लहानपण तिच्या आवाजांवर उठले. पहाटे चारच्या सुमाराला आधी खोऱ्याने माती उकरल्याचा खसखस आवाज, मग बैठकांची मोजणी, मग अंगावर अंग आदळल्याचे ठोके. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर मुरलेला असे, आणि पावसाळ्यात त्या मातीचा ओलसर, आंबूस, औषधी वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. दादा तिथे नवव्या वर्षी गेला. आम्हा मुलींना उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता, पण दारात उभे राहून बघायला कुणी हटकत नसे. आणि दारात उभे असत तरी किती जण! दूध घालायला आलेला गवळी, पेपर टाकणारा, फिरायला निघालेले पेन्शनर, आपल्या नातवाला "बघ ते मामा कसं जोर मारत्यात" म्हणून दाखवणारी एखादी आजी. कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या पैलवानांची तर ती कचेरीच होती. एखाद्या वस्तादाने पोराला जरा जास्तच घोळसला तर त्यांतला एखादा बसल्या जागेवरून ओरडायचा, "अरे, बास की आता, लेकरू हाय ते!" आणि वस्ताद ऐकायचे. न ऐकून सांगतात कुणाला? संध्याकाळी त्याच कट्ट्यावर त्यांना येऊन बसायचे असे.

कोल्हापूरचे खासबाग हे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांनी बांधले, ते 1912 मध्ये खुले झाले. महाराज 1902 मध्ये युरोपात गेले, रोमचे जुने क्रीडागार त्यांनी पाहिले आणि तशी जागा आपल्या पैलवानांना असावी असे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. मध्ये आखाडा आणि चारी बाजूंनी चढत गेलेला उतार. तिकीट पुढचे असो वा अगदी मागच्या कडेचे, कुणाच्या डोक्याआड आखाडा जात नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी तिथे कुस्त्या पाहिल्या आहेत, पण त्या बांधणीचे मोल मला कळले ते फार उशिरा, आणि तेही एक परकी नियमावली वाचताना. अमेरिकेत 2017 पासून खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी 'सेफस्पोर्ट' नावाचे एक स्वतंत्र केंद्र काम करते. त्याच्या नियमांत अल्पवयीन खेळाडूबरोबर एकट्याने वागण्याविषयी एक सूत्र आहे: मोठे माणूस आणि मूल एकटे असतील तर ते इतरांना दिसेल अशा ठिकाणी असावेत आणि तिथे कुणालाही मध्येच जाता यावे. सराव, मालीश, बैठक, प्रवास, हॉटेलची खोली, मोबाइलवरचे निरोप, सगळ्याला हाच दंडक. प्रशिक्षकाने मुलाला निरोप धाडायचा तर पालकांना त्यात घ्यायचे. मी ते वाचले आणि मला खासबागेचा उतार आठवला, आमच्या तालमीचे उघडे दार आठवले, बसल्या जागेवरून ओरडणारा तो म्हातारा पैलवान आठवला. दिसणे आणि मध्ये पडता येणे, या दोन्ही गोष्टी आमच्याकडे होत्या.

अर्थात त्या काळाला मी सोवळ्यात ठेवणार नाही. तालमीच्या आत एक माजघर होते, तिथे खेड्यापाड्यांतून आलेली पोरे झोपत, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडची दहा-बारा वर्षांची ती मुले, घरून येणाऱ्या तुपाच्या बरणीची वाट बघणारी. त्यांच्या रात्रीविषयी कट्ट्यावर कधी चर्चा झाली नाही. कुणी काही बोलले नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही.

आता तालमींच्या जोडीला निवासी अकादम्या आल्या आहेत. शहराच्या बाहेर, उसाच्या फडांमध्ये, तारेच्या कुंपणाआड, हिरव्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट घातलेली, वर मोठा फलक आणि फलकावर पदक चावणाऱ्या मुलांचे फोटो. त्यांतल्या कित्येक चांगल्या आहेत, हे आधीच सांगते. मॅटची कुस्ती, नेमबाजी, पोहणे यांना जे लागते ते पेठेतल्या जुन्या वास्तूत मावत नाही. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 मध्ये पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा आपल्या मुलाला शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे असे कुठल्या आईबापाला वाटले नसेल? त्यामागे पोटाचे कारणही आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा आहेत, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. दोन एकर उसावर घर चालवणाऱ्या माणसाने मुलाच्या खुराकापायी बँकेचे कर्ज काढले असेल, तर तो प्रशिक्षकाला प्रश्न विचारताना दहादा अडखळेल. पोराला अकादमीतून काढले तर? प्रमाणपत्रावर सही दिली नाही तर? निवड समितीवर यांचेच मित्र आहेत म्हणे. हे सगळे हिशेब त्याच्या मनात असतात, आणि मुलालाही ते न सांगता कळतात. मुले घरातले पैशाचे बोलणे फार नीट ऐकतात.

अशा ठिकाणी भेटीचा वार रविवार असतो. चारनंतर पाचपर्यंत. गेट वॉचमन उघडतो.

कुस्ती सोडून फुटबॉलकडे वळले तरी गोष्ट तीच. आमच्या शहराला या खेळाचे किती वेड आहे ते इथल्यांना सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की अर्ध्या पेठांची दुकाने लवकर बंद होतात. एका शालेय सामन्यात हेडिंगला उडालेल्या दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटलेली मी पाहिली. आवाज नारळ फोडल्यासारखा आला. त्यांतला एक उठून बसला, पण तो चुकीच्या गोलकडे बघत होता. मैदानावर बाटली आली, तोंडावर पाणी मारले गेले, कुणीतरी "उठ की वाघा!" म्हटले, तो उठला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझ्या पोटात गोळा आला, कारण झॅकरी लिस्टेडची हकीकत मी वाचलेली होती. वॉशिंग्टन राज्यातला हा तेरा वर्षांचा मुलगा 2006 मध्ये शाळेच्या सामन्यात डोक्यावर आपटला, थोडा वेळ बाहेर बसून पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपताना कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पुन्हा बोलता यायला त्याला कित्येक महिने लागले. त्याच्या नावाने 2009 मध्ये तिथे कायदा झाला: डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली, तरी मुलाला तत्काळ मैदानाबाहेर घ्यायचे आणि प्रशिक्षित वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचे नाही. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. या नियमात मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते ते हे, की निर्णय मुलावर सोडलेला नाही. "खेळशील का?" असे विचारले तर ते "हो" च म्हणणार. त्या वयात, त्या गर्दीसमोर, दुसरे उत्तर देण्याची ताकद कुणात असते?

उन्हाचेही तसेच. खेळताना ऊन लागून मूल बरळू लागले, अडखळू लागले, तर आधी त्याला जागेवरच गार पाण्यात बुडवायचे आणि मग दवाखान्यात हलवायचे, हा क्रीडावैद्यकातला नियम आहे. मिनिटे तिथे वाचतात. एक पिंप पाणी आणि बर्फाची एक लादी, एवढाच खर्च. आमच्याकडच्या स्पर्धांना पाहुण्यांच्या फेट्यांवर याहून अधिक खर्च होतो, हे मी रागाने नव्हे, मांडवात बसून फेटे मोजल्यामुळे म्हणते आहे.

या सगळ्या गोष्टी वरवर वेगवेगळ्या दिसतात: पाणी तोडणे, डोक्याचा मार, गुडघ्याचे दुखणे, सांगितली ती गोळी किंवा पावडर न विचारता घेणे. शेवटच्या बाबतीत तर डोपिंगचा नियम मुलालाच जबाबदार धरतो. अंगात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूला द्यावा लागतो, डबा हातात ठेवणारा बहुतेक वेळा नामानिराळा राहतो. पण मला त्यांत एक धागा दिसतो आणि तो धागा पुढे फार अंधाऱ्या जागी जातो. आम्ही पोरांना सोसायला शिकवतो. 'रडू नकोस, पैलवान हायस नव्हं?' हे वाक्य मी माझ्या दादाला उद्देशून इतक्या वेळा ऐकले आहे की ते त्याच्या नावाचाच भाग वाटावे. सोसण्याला खेळात स्थान आहेच. दम लागल्यावर थांबणारा कुठे पोहोचत नाही. मात्र ज्या मुलाला तहान लागली असे म्हणता येत नाही, गुडघा दुखतो म्हटल्यावर ज्याची टिंगल होते, ज्याला आपल्या शरीराविषयीचा प्रत्येक निकाल दुसऱ्याच्या मानेच्या हालचालीवरून वाचायची सवय लागली आहे, त्या मुलाच्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर ते काय म्हणणार आहे? कुणाला म्हणणार आहे? 'नको' हा शब्द त्याने सरावात कधी वापरलेलाच नाही.

इथे माझ्या खासबागेच्या लाडक्या सिद्धांतालाही तडा जातो, हे मला कबूल केले पाहिजे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला लैंगिक अत्याचारांबद्दल 2018 मध्ये 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. त्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रियांनी न्यायालयात उभे राहून आपले म्हणणे मांडले. त्यांतल्या काहींच्या बाबतीत अत्याचार झाला तेव्हा आई त्याच खोलीत बसलेली होती. तो उपचाराच्या नावाखाली आणि मध्ये स्वतः उभा राहून हे करत असे. म्हणजे डोळे हजर होते. आणि नव्वदच्या दशकातच मुलींनी सांगूनही पाहिले होते. सांगणाऱ्या मुलीलाच तुझा गैरसमज झाला असे पटवले गेले. उघडे दार हवेच, पण दारात उभ्या असलेल्याने काय बघायचे हे त्याला माहीत हवे, आणि मूल बोलले तर त्याचे बोलणे पदकाच्या तागडीत तोलले जाऊ नये. आमच्याकडे 2023 मध्ये महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा इथल्या कट्ट्यांवर जे ऐकले त्यातले पुष्कळसे मला लिहायलाही आवडणार नाही. "एवढी वर्षं गप्प का बसल्या?" हा प्रश्न तर फार लोकांनी विचारला. ज्यांनी विचारला त्यांतल्या कुणीही आपल्या तालमीतल्या पोराला बोलायची सवय लावली होती का, हे मात्र मला कळले नाही.

कायदा आपल्याकडे आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलींना लागू आहे तसाच मुलांनाही. आणि पैलवानकीच्या जगात 'पोराला काय होतंय' ही समजूत इतकी घट्ट आहे की हे मुद्दाम सांगावे लागते. असा गुन्हा घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आपापसांत मिटवू, पोरीचं नाव खराब व्हायला नको' म्हणून बैठकीत मिटवून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरतो, हे किती क्रीडामंडळांच्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक असेल? चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मुलाला स्वतःला फिरवता येतो. संसदेने 2025 मध्ये केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. दिल्लीतला कागद उसाच्या फडातल्या पत्र्याच्या शेडपर्यंत कधी आणि कुठल्या वाटेने पोहोचतो, ते बघायचे.

एक माणूस मला माहीत आहे, ज्याने असला कुठलाही कागद बहुधा वाचलेला नाही. आमच्या भागात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो, दिवसा एका गॅरेजमध्ये काम करतो. सरावाआधी तो पोरांना गोलात बसवतो आणि एकेकाचे नाव घेऊन एकच गोष्ट विचारतो, "कुठं दुखतंय?" दुखतंय का, असे तो विचारत नाही. त्यामुळे 'नाही' म्हणायलाच थोडा विचार करावा लागतो. एका संध्याकाळी मी कठड्याला टेकून बघत होते. बारा-तेरा वर्षांचा, नुकताच ताडमाड वाढू लागलेला एक मुलगा म्हणाला, "सर, गुडघ्याच्या खाली. त्या हाडावर." याने त्याला पाय लांब करायला लावला, बोटाने न दाबता नुसते विचारले, इथे का, की इथे; जिना चढताना होते का, उडी मारताना होते का. वाढत्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या कोवळ्या हाडाला जिथे ओढतो तिथे असे दुखते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात आणि विश्रांती हाच त्यावरचा मुख्य उपाय असतो. गॅरेजवाल्याला ते नाव माहीत नव्हते, पण त्याने मागच्या वर्षी असेच दुसरे पोर पाहिले होते. "आज बस. ह्या आठवड्यात उड्या न्हाईत. आईला म्हणावं दवाखान्यात दाखवा." पोराचा चेहरा पडला, शनिवारी सामना होता. यावर याने त्याच्या हातात वही दिली आणि प्रत्येकाने डाव्या पायाने किती पास दिले ते लिहायला बसवले. थोड्या वेळाने तो पोरगा मोठ्या अधिकाराने ओरडत होता, "ए पक्या, तुझा एक बी न्हाई!" मुलाची आई मात्र दुसऱ्या दिवशी येऊन भांडून गेली, आमच्याच पोराला का बसवले म्हणून. शनिवारी संघ हरला, आणि दोन पालकांनी मुले दुसऱ्या क्लबात घातली. चांगुलपणाचे भाडे असे भरावे लागते, आणि गॅरेजच्या पगारात ते फार काळ परवडत नाही.

पुतण्याला पुढच्या वर्षी निवासी अकादमीत घालायचे घरात चालले आहे. दादाची इच्छा मोठी आहे. त्याचा स्वतःचा कान फुलून बंद झालेला, उजवा गुडघा थंडीत वाकत नाही, आणि तरीही तालमीचा विषय निघाला की त्याच्या तोंडावर जे तेज येते ते मी दुसऱ्या कशाने आलेले पाहिले नाही. "आम्ही न्हाई केलं व्हय सगळं?" असे तो म्हणतो तेव्हा त्यात तक्रार नसते, खरोखरीचा अभिमान असतो, आणि त्या अभिमानाशी वाद घालणे मला जमत नाही, घालावासाही वाटत नाही. आम्ही चौघे एका रविवारी अकादमी बघून आलो. जागा स्वच्छ होती, मॅट चांगली होती, स्वयंपाकघरात भाकरीचा खरपूस वास होता. कार्यालयात प्रवेशअर्ज मिळाला. त्यात फीचे तीन हप्ते होते, रक्तगट होता, आणि तळाशी 'सरावात अथवा स्पर्धेत दुखापत झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही' अशी ओळ होती. त्याखाली पालकाची सही. तक्रार असेल तर मुलाने कुणाकडे जायचे, हे चार पानांत कुठेही नव्हते. वहिनीने तिथेच पेन काढून आपले प्रश्न मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले. रात्री मुलांच्या खोल्यांकडे कोण असते? मालीश कोण करते आणि कुठे? बाहेरगावी स्पर्धेला जाताना बरोबर किती मोठी माणसे असतात? वजन किती उतरवायला सांगता? डॉक्टर किती वेळात येतो? मुलाचा मोबाइल कुणाकडे असतो, आणि त्याला घरी फोन करायचा झाला तर कुणाला विचारावे लागते?

प्रमुखांनी काहींची उत्तरे नीट दिली. डॉक्टरचे नाव दिले, मुलींच्या विभागाला बाई आहेत असे सांगितले. वजनाच्या प्रश्नावर हसले. मोबाइलच्या प्रश्नापाशी मात्र त्यांचा सूर बदलला, "ताई, एवढा संशय असंल तर पोराला घरातच ठेवा की. इथं दीडशे पोरं हाईत, आजवर कुणी असं विचारलं न्हाई." वहिनी लाल झाली. पुतण्या बुटाच्या लेसशी खेळत होता. इतका वेळ अवघडून बसलेला दादा, ज्याने जन्मात कुठल्या वस्तादाला उलट प्रश्न केला नसेल, घसा साफ करून म्हणाला, "संशय न्हाई वस्ताद. रविवार सोडून मधल्या वारी आलो तर गेट उघडंल का?"

"उघडंल की. फोन करून या."

"आणि फोन न करता आलो तर?"

प्रमुखांनी वॉचमनला चहा सांगितला. चहा झाला, उसाच्या दराच्या गप्पा झाल्या, या हंगामात कोणत्या कारखान्याने किती बिल काढले तेही झाले, आणि आम्ही निघालो. अर्ज घरी आहे, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. येत्या बुधवारी, कामावरून सुटल्यावर, कुणाला न कळवता दादा एकदा तिकडे जाऊन येणार आहे.